पुढच्या संघासाठी फ्रीजरमध्ये काय ठेवायचं आणि वहीत काय

बी.एस्सी. किंवा बी.टेक.ची दहा-पंधरा मुलं एकत्र येतात. सुट्टीचे महिने प्रयोगशाळेत काढून एखाद्या जिवाणूला नवं काम शिकवतात आणि वर्षाअखेर परदेशात जाऊन ते मांडतात. पुढचा जून उजाडतो तेव्हा त्यातली बरीचशी मुलं पास होऊन बाहेर पडलेली असतात. सिंथेटिक बायोलॉजीतल्या विद्यार्थी संघांचं चक्र असं चालतं. पीएच.डी. करणारा माणूस पाच-सहा वर्षं एकच प्रश्न धरून बसतो, प्राध्यापकाची प्रयोगशाळा पंचवीस वर्षं चालते, पण हा संघ दरवर्षी जवळपास नव्याने जन्माला येतो. त्यामुळे आधीच्या मुलांनी मागे काय ठेवलं, यावर पुढच्यांचे पहिले दोन-तीन महिने वाचतात किंवा वाया जातात. या विषयात उतरू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही बाजू माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

आधी थोडी ओळख. पेशीत जनुक नुसतं घातलं म्हणजे ते काम करू लागत नाही. त्याच्या आधी प्रमोटर नावाचा डीएनएचा तुकडा लागतो. जनुक किती जोरात वाचलं जाईल हे तो ठरवतो. त्यानंतर रायबोसोमला, म्हणजे प्रथिन तयार करणाऱ्या पेशीतल्या यंत्राला, बसायला जागा लागते, मग प्रत्यक्ष प्रथिनाची सूचना येते आणि शेवटी वाचन थांबवणारा टर्मिनेटर. हे चार तुकडे वेगवेगळ्या जिवांतून घेता येतात, हवे तसे जोडता येतात आणि बदलताही येतात. सिंथेटिक बायोलॉजीचा पाया हाच. पाण्यातलं आर्सेनिक शोधणारा किंवा ठरावीक रंग देणारा जिवाणू तयार करायचा असेल, तर आधी तुकडे निवडायचे, ते जोडायचे, पेशीत घालायचे आणि काय होतं ते मोजायचं.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जानेवारी २००३ मध्ये दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत याचा एक छोटा वर्ग घेतला गेला. लुकलुकणाऱ्या पेशी तयार करण्याचे आराखडे मुलांनी त्यात मांडले. टॉम नाइट, ड्रू एंडी, रँडी रेटबर्ग ही संशोधक मंडळी त्यामागे होती. २००४ च्या उन्हाळ्यात पाच विद्यापीठांचे संघ एकमेकांसमोर आले आणि आयजेम ही स्पर्धा सुरू झाली. २००५ मध्ये तेरा संघ आले, त्यात अमेरिकेबाहेरचेही होते. २०१२ पासून ती स्वतंत्र संस्था म्हणून चालते, दरवर्षी शेकडो संघ उतरतात, आणि २०२२ पासून मुख्य मेळावा पॅरिसमध्ये भरतो. आपल्याकडून आयआयटी मद्रास, पुण्याची आयसर, मुंबईची आयसीटी यांचे संघ यात उतरले आहेत.

तुकडे सगळ्यांनी एका ठिकाणी जमा करायचे आणि पुढच्यांनी तिथून उचलायचे, हा विचार पहिल्यापासूनच होता. त्यासाठी प्रमाणित जैविक भागांची एक नोंदवही उभी राहिली. तिच्यात प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि स्वतःचं पान असतं. जेलीफिशपासून मिळालेल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा तुकडा म्हणजे ई००४०. रायबोसोमची बहुतेकांच्या वापरातली जागा म्हणजे बी००३४. आयजेममध्ये रुळलेली मुलं हे क्रमांक तोंडपाठ म्हणून दाखवतात. बरीच वर्षं संघांना टपालाने ३८४ खळग्यांच्या प्लेट यायच्या. प्रत्येक खळग्यात सुकवलेला डीएनए असायचा. त्यात दहा मायक्रोलिटर पाणी टाकलं की लाल थेंब तयार, कारण सुकवताना त्यात रंग मिसळलेला असायचा. त्यातला एक मायक्रोलिटर जिवाणूत घातला की काम सुरू.

पण वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या देशांत तयार झालेले तुकडे एकमेकांना जोडायचे कसे? टॉम नाइट यांनी २००३ मध्ये बायोब्रिक नावाची पद्धत मांडली. तुकडा कोणताही असो, त्याच्या पुढच्या टोकाला इको-आर-वन आणि एक्सबा-वन या कात्री-एन्झाइमांच्या (डीएनए ठरावीक क्रमावर कापणाऱ्या प्रथिनांच्या) कापायच्या जागा ठेवायच्या आणि मागच्या टोकाला स्पे-वन आणि पीएसटी-वन यांच्या. यातली मेख अशी की एक्सबा आणि स्पे यांनी कापलेली टोकं एकमेकांत बसतात, पण ती एकदा जुळली की सांध्यावर दोघांपैकी कुणाचीच जागा उरत नाही. सांधा पुन्हा कापला जात नाही. जोडून तयार झालेल्या लांब तुकड्याच्या दोन्ही टोकांना मात्र त्याच चार जागा कायम राहतात. म्हणजे तोसुद्धा एक बायोब्रिकच झाला आणि त्याला आणखी एक जोडता येतो. जोडणीची कृती दर वेळी तीच राहते. इतकी साधी कल्पना, पण अनोळखी माणसाचा तुकडा डोळे झाकून वापरण्याची सोय तिने करून दिली.

या पद्धतीतली एक खोच नव्या मुलांना नेमकी सापडते. सांध्यावर आठ अक्षरं शिल्लक राहतात: टी, ए, सी, टी, ए, जी, ए, जी. पेशी डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचते. दोन प्रथिनं सलग जोडायचा बेत असेल, तर या आठांतलं दुसरं त्रिकूट टी-ए-जी येतं आणि त्याचा अर्थ 'इथे थांबा' असा होतो. दुसरं प्रथिन तयारच होत नाही. प्रमोटर आणि जनुक यांच्यामध्ये हा सांधा आला तर सहसा बिघडत नाही, पण दोन प्रथिनांच्या मध्ये आला की सगळं काम अडतं. म्हणून प्रथिनं जोडण्यासाठी वेगळे नियम तयार झाले आणि नंतर टाइप-टू-एस, म्हणजे आपल्या खुणेपासून थोडं बाजूला कापणाऱ्या, एन्झाइमांवर आधारलेली पद्धतही स्पर्धेने स्वीकारली. आता कल्पना करा, एखाद्या संघाने हा धडा सहा आठवडे घालवून शिकला आणि तो कुठेच लिहिला नाही. पुढच्या संघालाही तेवढेच सहा आठवडे मोजावे लागतील.

तुकडा मिळाला आणि जोडताही आला. तो चालतो किती, हा पुढचा प्रश्न. इथे बर्कलेच्या २००६ च्या संघाशी जोडलेल्या प्रमोटरांचं उदाहरण मला फार आवडतं. क्रिस्टोफर अँडरसन यांच्या नावाने ते ओळखले जातात. जे२३१०० पासून सुरू होणारी ही मालिका. एकाच प्रमोटरची थोडी थोडी अक्षरं बदलून तयार केलेली ही भावंडं आहेत. कुणी जोरदार, कुणी मध्यम, कुणी जेमतेम. सगळ्यांची ताकद एकाच पद्धतीने मोजून शेजारी शेजारी मांडून ठेवली. एवढंच केलं, आणि ते इतकं उपयोगी ठरलं की आजही जगभरच्या प्रयोगशाळांत, स्पर्धेशी काही संबंध नसलेल्या संशोधकांच्या कामातसुद्धा, हे प्रमोटर रोज वापरात असतात. प्रथिन जास्त झाल्याने जिवाणू मरतोय? खालच्या ताकदीचा प्रमोटर घ्या. निवड करायला तक्ता तयार आहे. यातला एकही प्रमोटर दिसायला अद्भुत नाही. मात्र जी माहिती पुढच्या माणसाला निर्णय घ्यायला लागते, तीच त्यांनी मागे ठेवली.

याउलट नोंदवहीत हजारो तुकडे असे पडून आहेत की ज्यांच्या पानावर नाव आणि डीएनएचा क्रम याखेरीज काही नाही. तुकडा चालला का? कोणत्या जिवाणूत? किती तापमानाला? उत्तर सापडत नाही. नोंदवहीवर ही टीका पूर्वीपासून होत आली आहे आणि ती रास्त आहे. काही वर्षं सुवर्णपदकासाठी एखादा जुना भाग सुधारून दाखवण्याची अट होती. २०२० पासून कांस्यपदकाच्या अटींतच 'पुढच्या संघांना उपयोगी पडेल असं योगदान' मागितलं जाऊ लागलं. कांस्य म्हणजे सगळ्यात खालची पायरी, म्हणजे ज्या संघाला कोणतंही पदक हवं आहे त्याने एवढं केलंच पाहिजे. मला हे फार योग्य वाटतं.

मोजण्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण माहिती वाटून घेण्यातली खरी अडचण इथे आहे. हिरवी चमक मोजणारं यंत्र एक आकडा दाखवतं, समजा ४२००. कशाचे ४२००? त्या यंत्राचे, त्या सेटिंगचे. शेजारच्या कॉलेजातलं यंत्र त्याच नमुन्याला ९०० दाखवू शकतं. पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे आणि बाजारात भांडणं होत, तशी ही गत. जिवाणूंची संख्याही बहुतेक वेळा थेट मोजलेली नसते. द्रावण किती गढूळ दिसतं त्यावरून तिचा अंदाज बांधतात आणि तो आकडाही यंत्रागणिक बदलतो.

यावर आयजेमने २०१४ पासून एक सुंदर उपक्रम चालवला. जगभरच्या संघांनी तेच तुकडे, तीच कृती वापरून मोजमाप करायचं आणि आकडे एकत्र पाठवायचे. उपक्रमाचं नाव इंटरलॅब. २०१८ च्या फेरीत २४४ प्रयोगशाळांनी जिवाणूंची संख्या मोजण्याच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या आणि त्याचा शोधनिबंध २०२० मध्ये छापून आला. जिवाणूएवढ्या आकाराचे सिलिकाचे बारीक मणी ठरावीक संख्येने पाण्यात घ्यायचे, ते पाणी निम्मं निम्मं करत पातळ करायचं आणि आपलं यंत्र प्रत्येक पातळीला काय दाखवतं त्याचा आलेख काढायचा, ही पद्धत सगळ्यात भरवशाची निघाली, शिवाय स्वस्तही. चमकेसाठी फ्लुरेसीन नावाच्या रंगद्रव्याने असाच आलेख काढतात. हे दोन आलेख हाताशी असले की ४२०० या आकड्याला अर्थ येतो आणि पुण्यातलं मोजमाप झुरिकच्या मोजमापाशेजारी ठेवता येतं. विशी न ओलांडलेल्या मुलांनी मिळून मोजमापशास्त्रात घातलेली ही खरीखुरी भर आहे. याचं कौतुक आपल्याकडे पुरेसं होत नाही.

म्हणून पहिली विनंती अशी: आकडा ठेवताना त्याच्याबरोबर आलेख ठेवा, यंत्राचं मॉडेल आणि सेटिंग ठेवा, जिवाणूचं वाण लिहा, जिवाणू वाढवायचं माध्यम कोणतं, तापमान किती, किती तासांनी मोजलं तेही लिहा. आणि सरासरी काढण्याआधीची मूळ फाइल ठेवा. सुबक आलेखाचं चित्र पोस्टरवर छान दिसतं, पण पुढच्या संघाला त्यातून आकडे परत काढता येत नाहीत.

आता फसलेल्या प्रयोगांबद्दल. बहुतेक संघांच्या वेबसाइटवर हे काम सापडत नाही, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी उधळपट्टी इथेच होते. 'जोडणी झाली नाही' एवढं वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. पण समजा संघाने सोबत दोन पडताळण्या ठेवल्या होत्या. एका थाळीवर न कापलेला पूर्ण प्लाझ्मिड (जनुकं वाहून नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ, ज्यात अँटिबायोटिकला तोंड देणारं जनुकही असतं) घातलेले जिवाणू आणि दुसऱ्या थाळीवर डीएनए अजिबात न घातलेले जिवाणू. पहिल्या थाळीवर भरपूर वसाहती उगवल्या, दुसरीवर एकही नाही, आणि जोडणीच्या थाळीवरही काही नाही. याचा अर्थ जिवाणू डीएनए नीट घेत होते, अँटिबायोटिकही नीट काम करत होतं, दोष जोडणीत किंवा कापण्यात होता. पहिल्या थाळीवरच काही उगवलं नाही तर जिवाणूच डीएनए घ्यायला तयार नव्हते, किंवा अँटिबायोटिक जास्त पडलं. दुसऱ्या थाळीवर गर्दी झाली तर अँटिबायोटिक निकामी. फसलेला प्रयोग या पडताळण्यांसह लिहिला तर पुढच्या संघाला कुठे पाहायचं ते कळतं. आणि जोडणी व्यवस्थित होऊन, क्रम तपासूनही प्रथिन दिसलं नसेल, तर ती बातमी नुसती उपयोगी नाही, ती महत्त्वाची आहे. कदाचित ते जनुक त्या जिवाणूला झेपतच नसेल. परीक्षकांसमोर अपयश मांडायला मुलं कचरतात. शिक्षकांनी इथे पाठीशी उभं राहावं. नीट लिहिलेलं अपयश परीक्षकांच्या नजरेतही वजनदार ठरू शकतं.

पुढच्यांनी उचललेल्या कामाचं एक उदाहरण देतो. भूजलातलं आर्सेनिक बांगलादेशात आणि आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यात लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. एडिंबराच्या संघाने २००६ मध्ये आर्सेनिक ओळखणारा जिवाणू मांडला. ई. कोलाय या प्रयोगशाळांतल्या नेहमीच्या जिवाणूत मुळातच एक प्रथिन असतं, ते एका प्रमोटरवर बसून पुढची जनुकं बंद ठेवतं. आर्सेनिक आलं की ते प्रथिन त्याला चिकटतं, प्रमोटरवरून सुटतं आणि पुढची जनुकं सुरू होतात. एडिंबराच्या मुलांनी त्या प्रमोटरपुढे पाण्याचा आम्लपणा बदलणारी यंत्रणा जोडली, म्हणजे महागडं यंत्र नसलं तरी पीएच मोजून उत्तर कळेल. हा तुकडा नोंदवहीत गेला. केंब्रिजच्या २००९ च्या संघाने जिवाणूंकडून डोळ्यांना दिसणारे रंग तयार करून घेणारे तुकडे तयार केले आणि त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक पटकावलं. संवेदनेचा तुकडा एकाकडचा, रंगाचा तुकडा दुसऱ्याकडचा, अशी जुळणी शक्य झाली. आर्सेनिक संवेदकाचं काम स्पर्धेपलीकडेही संशोधकांनी पुढे नेलं. कुणा एका संघाच्या एका उन्हाळ्यात हे बसलं नसतं.

आता अगदी घरगुती पातळीवरच्या गोष्टी. त्या कुणी सांगत नाही आणि नेमक्या त्यांनीच घात होतो. संघाच्या सगळ्या फाइल एखाद्या विद्यार्थ्याच्या कॉलेजच्या ईमेल खात्यावर असतात. तो पास होतो, काही महिन्यांत खातं बंद होतं आणि डीएनएचे नकाशे, प्रायमरची (डीएनएच्या प्रती काढायला लागणाऱ्या छोट्या तुकड्यांची) यादी, हिशोब, सगळं त्याच्यासोबत जातं. पहिल्याच दिवशी संघाच्या किंवा मार्गदर्शक शिक्षकांच्या नावाचं खातं उघडा. डीएनएचा क्रम जेनबँक या सार्वजनिक डीएनए-साठ्याच्या साध्या फाइल-स्वरूपातही उतरवून ठेवा, कारण एखाद्या सॉफ्टवेअरचं मोफत खातं कायम मोफतच राहील याची खात्री नाही. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ग्लिसरॉल घालून ठेवलेल्या नळ्यांवर 'नमुना ३' किंवा कुणाची आद्याक्षरं एवढंच लिहू नका. वाण, प्लाझ्मिड, अँटिबायोटिक, तारीख आणि क्रम तपासला आहे की नाही, इतकं झाकणावर आणि यादीतही हवं. क्रम न तपासलेली नळी पुढे देताना तसं स्पष्ट लिहा.

प्रयोगांखेरीजचा कागदही वाटण्यासारखा असतो. आपल्याकडे जनुकं बदललेल्या जिवांवरचं काम १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत येतं आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. तो अर्ज कसा भरला, समितीने कोणते प्रश्न विचारले, परदेशातून एन्झाइम मागवताना किती आठवडे धरावे लागले, प्रायोजकाला पत्र कसं लिहिलं, खर्चाचा ताळा कसा बसला. ज्या कॉलेजात आधी कुणीच हे केलेलं नाही, तिथल्या मुलांना एखाद्या प्रमोटरपेक्षा या कागदांचा उपयोग जास्त होईल. शाळेतल्या मुलांसाठी मराठीत तयार केलेली चित्रं, खेळ, पत्रकं यांनाही हेच लागू आहे. एकाने मेहनतीने तयार केलेलं साहित्य दुसऱ्याने सुधारून वापरावं, दर वर्षी पुन्हा शून्यातून काढू नये. आयआयटी मद्रासच्या मुलांनी चॅसीडेक्स नावाचा माहितीसाठा तयार केला. नेहमीचा ई. कोलाय सोडून दुसरा सूक्ष्मजीव वापरायचा असेल तर त्याबद्दलची विखुरलेली माहिती त्यात एका ठिकाणी मिळते. असं काम करायला महागडी प्रयोगशाळासुद्धा लागत नाही.

परवान्याची बाब थोडक्यात. आयजेमच्या संघांच्या वेबसाइटवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली असतो, म्हणजे नाव देऊन कुणीही वापरू शकतं. प्रत्यक्ष डीएनए एका संस्थेतून दुसरीत पाठवताना मात्र करार लागतो आणि नेहमीचे करार पुढे तिसऱ्याला द्यायला मनाई करतात. २०१८ मध्ये बायोब्रिक्स फाउंडेशन आणि इंग्लंडमधल्या ओपनप्लांटने मांडलेला खुला करार ही अडचण दूर करतो. घेणारा तो डीएनए पुढे देऊ शकतो, व्यवसायातही वापरू शकतो. तुमच्या संस्थेला तो चालतो का, हे आधीच विचारून ठेवा.

आणि सगळंच उघड वाटायचं नसतं, हेही इथेच सांगायला हवं. रोगकारक जिवाणू-विषाणूंशी संबंधित क्रम किंवा एखादं विष जास्त प्रमाणात तयार करण्याची कृती चुकीच्या हाती गेली तर धोका असतो. स्पर्धेची सुरक्षा समिती यासाठीच आहे. परवानगीच्या यादीबाहेरचा जीव वापरायचा तर आधी कळवावं लागतं आणि बदललेले जिवाणू प्रयोगशाळेबाहेर सोडायला सक्त मनाई आहे. शंका असेल तर वेबसाइटवर टाकण्याआधी समितीला विचारा, नंतर काढून टाकण्यात अर्थ नसतो.

हे सगळं शेवटच्या आठवड्यात करायचं ठरवलं तर होत नाही. वेबसाइट ठरलेल्या तारखेला गोठवली जाते, मग तिच्यात बदल करता येत नाही, आणि त्या रात्री कुणीही फ्रीजरची यादी करत बसत नाही. म्हणून पहिल्या महिन्यापासून आठवड्यातला एक ठरावीक तास नोंदींसाठी राखा आणि हे काम एकाच्याच गळ्यात न घालता पाळीपाळीने करा. पुढच्या वर्षी राहणाऱ्या दोन मुलांना यंदाच्या बाकावर हाताशी घ्या. आणि तुम्ही नव्या संघात असाल, तर स्वतःचा आराखडा सुरू करण्याआधी गेल्या संघाचा एक प्रयोग त्यांच्या नोंदींवरून जसाच्या तसा करून पाहा. जिथे अडाल, जे लिहायचं राहून गेलं होतं, ते त्याच भागाच्या पानावर तारीख घालून लिहा.